कावीळ आणि दादाची टोपी

माझ्या पुतणीला, सोनालीला, कावीळ कधीच झालेली नव्हती. घरात हे मी सोडून अजून कुणाला ठाऊक नाही.

झालं असं. कोल्हारला दादाकडे नेवाशाचं स्थळ आलं होतं. मुलगा सोनालीला मनातून पसंत होता. तिचा फोटो तेवढा पाठवायचा राहिला होता. घरात कॅमेरावाला मी एकटाच. फ्लॅशही नवा घेतलेला. तो सरळ तोंडावर मारू नये, भिंतीवर मारावा, म्हणजे उजेड मऊ होऊन परत येतो, एवढं मी मोबाईलवर शिकलो होतो. (भिंत पांढरी हवी, हे पुढच्या व्हिडिओत होतं.)

दादाच्या बैठकीला हळदी रंग.

फोटो गेला आणि संध्याकाळी फोन आला. दादा म्हणाला, "पोरीला कावीळ हाय का, इचारत्यात."

वहिनींनी सोनालीच्या पापण्या ओढून पाहिल्या. "डोळं तर पांढरेफटक हायेत."

"मग फोटूत पिवळी कशी?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "थोडी वाटतेय खरी." का म्हणालो, देव जाणे. त्या वाक्यापायी पोरीनं आठवडाभर बिनतेलाची भाजी खाल्ली.

पथ्य संपल्यावर दुसरा फोटो आतल्या खोलीत काढला. ती खोली गुलाबी. फोटोत पोरीला ताप चढलेला. म्हणून लगेच तिसरा काढला देवघरापाशी. तिथं पोपटी, त्या रंगाला तर आजारच सापडेना. घाईत दोन्ही पाठवले.

नेवाशाहून पुन्हा फोन. "पाव्हणं, तिन्ही पोरी बऱ्या हायेत. पन आमाला दाखवायची कंची?"

दादानं फोन ठेवला आणि हळूच मला विचारलं, "आपल्याला एकच हाय ना रं?"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात भिंती शिरल्या. दादाच्या डोक्यावरची कडक इस्त्रीची पांढरी टोपी उचलली आणि फ्लॅशच्या मागे रबर लावून उभी बांधली. आता उजेड टोपीवर आपटून येणार होता.

"माझी टोपी कशाला?"

"हल्लीची पद्धत आहे."

फोटोत पहिल्यांदाच सोनाली सोनालीसारखी दिसली. मी अभिमानानं पाठवला.

"आता ही चौथी कोन?" नेवासेकर वैतागले. "फोटू ऱ्हाऊ द्या. आधार कार्ड पाठवा."

आधार कार्डावरचा फोटो पाहून पसंत पडलेली ही पंचक्रोशीतली पहिलीच मुलगी असावी. लग्न झालं. मांडवात मी कॅमेरा घेऊन जवळ गेलो, की दादाचा हात आपोआप टोपीवर जायचा.

वहिनी अजून विहीणबाईंना सांगतात, "कावीळ झाल्ती, पन आमच्या भावजींनी फोटूवरनंच वळखली. पथ्यानं बरी झाली." मी खाली मान घालून चहा पितो. त्यांना वाटतं, विनय.

आता आळीत कुणाचा चेहरा जरा पिवळा वाटला, की त्याला आधी माझ्याकडे पाठवतात. मी दादाची टोपी मागून आणतो आणि फोटो काढतो. आजवर एकालाही कावीळ निघालेली नाही.