लेकीचा बोकड आणि माझा नवस

मला एक वाईट खोड आहे. कुणी विचारो न विचारो, मी सल्ला देतो. वरंध घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, हिर्डोशीच्या अलीकडे माझी चहा-भज्यांची टपरी आहे. तिथं गाडी थांबवली की माणसाला चहाच्या आधी सल्ला मिळतो. टायरात हवा कमी आहे, पोराला कानटोपी घाला, पुढं धुकं आहे, जपून जावा. बायको म्हणते, "सल्ल्याचं पैसं लावलं असतं तर आत्तापातूर माडी झाली असती."

आयुष्यभर दिलेल्या सल्ल्यांतला एकच खरोखर कामाचा निघाला. तो मी माझ्या लेकीला दिला होता, आणि तोच माझ्या अंगलट आला.

ती तेव्हा आठवीत होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत आईबरोबर रानात जाऊन तिनं हिरडा गोळा केला. आमच्याकडे हिरडा वाळवून व्यापाऱ्याला घालतात, औषधाला जातो. पोरगी महिनाभर उन्हातान्हात हिंडली, काट्यांनी पाय ओरबाडून घेतले, आणि तिच्या वाट्याचे पैसे तिच्या हातात पडले. तिला चांदीचे पैंजण घ्यायचे होते. मी तिला टपरीच्या बाकड्यावर बसवलं आणि सुरू झालो.

"पैंजण वाजत्याल, पर करडं देत्याल का? त्यापरीस शेळी घे. लहान वयात लावलेला पैसा लई वाढतो."

मग मी तिला माझी कथा सांगितली. सतरा वर्षांचा असताना मी पुण्याला एका हॉटेलात कामाला होतो. पहिला पगार झाला तसा त्याचा काळा गॉगल आणि लाल जाकीट घेतलं. दुसऱ्याच कुणाच्या तरी मोटारसायकलीला टेकून फोटो काढला. जाकीट पुढच्या पावसाळ्यात उंदरांनी खाल्लं, गॉगलवर मी स्वतःच बसलो. "त्या पैशात दोन शेळ्या आल्या असत्या," मी म्हणालो. "दोनाच्या चार, चाराच्या आठ. आज मी कुठं असतो?"

लेक बोटांवर काहीतरी मोजत होती. दोन दिवसांनी म्हणाली, "आण्णा, शेळीच घेऊ."

आम्ही एक पाठ घेतली. पाठ म्हणजे तरणी, अजून न व्यालेली शेळी. पण लेकीला शाळा, तिला रानात चारायला कोण नेणार? वरच्या वस्तीवर एक म्हातारी राहते. तिचा वीसेक शेळ्यांचा कळप आहे आणि ती रोज डोंगर चढते. तिच्याकडे अर्धलीनं दिली. आमच्या भागातली ही जुनीच रीत आहे. शेळी एकाची, राखण दुसऱ्याची, होतील ती करडं निम्मी-निम्मी. कागद नाही, सही नाही. म्हातारीनं लेकीच्या हातावर हात ठेवला आणि व्यवहार झाला.

पुढची चार वर्षं पोरगी दर रविवारी वस्तीवर जायची. शेळ्यांचे खूर बघायची, मीठ चारायची, म्हातारीशी तासन्‌तास बोलत बसायची. तिनं स्वतःचा एक नियम केला. पाठी ठेवायच्या, बोकडं विकायची, आलेला पैसा पोस्टात टाकायचा. हा नियम मी शिकवला नव्हता. तो तिनं म्हातारीकडनं उचलला असणार. एकदा ऐन गर्दीच्या दिवशी टपरीतला गॅस संपला आणि माझ्याकडे टाकीपुरते पैसे नव्हते. मी म्हणालो, पोस्टातले काढ की थोडे.

"त्ये बी करडूच हाय आण्णा," ती म्हणाली. "येवढ्यात न्हाई कापायचं."

सल्ला माझाच होता ना!

बारावीत गेली तोवर तिच्या तीन शेळ्या झाल्या होत्या आणि एक बोकड. काय बोकड होता तो! काळाभोर, एक कान पांढरा, मान अशी की दोन हातांत मावायची नाही. तो तिनं दोन वर्षं विकला नव्हता. आखाडासाठी राखून ठेवला होता. श्रावण लागायच्या आधी मटणाला गिऱ्हाईक तुटून पडतं आणि बोकडाचा भाव चढतो, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. बोकडाचे आणि पोस्टातले पैसे मिळून तिला जुनी स्कूटी घ्यायची होती.

स्कूटी मिरवायला नको होती. तिला भोरच्या कॉलेजात बी.एस्सी.ला जायचं होतं. केमिस्ट्रीचं तिला भारी वेड. बारावीपर्यंतचं प्रॅक्टिकल दुपारीच उरकायचं, पण बी.एस्सी.चं संपायच्या आत आमच्याकडची शेवटची एस.टी. सुटते. गाडी असेल तर सायन्स, नसेल तर सकाळी जाऊन दुपारी परत येता येईल असं दुसरं काहीतरी, इतकं सरळ होतं ते. अठरा पुरी झाली तसं तिनं लायसनही काढून ठेवलं.

आणि मग माझी जीभ घसरली.

फिजिक्सचा पेपर देऊन लेक आली, दप्तर टाकलं आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. जेवली नाही. "मी नापास हुनार," एवढंच म्हणाली. पोरीच्या डोळ्यांतलं पाणी मला बघवत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर देवीच्या देवळात गेलो, हात जोडले आणि मोठ्यानं बोललो, "आई, पोरगी पास होऊ दे. तुला बोकड देतो."

गुरव शेजारीच झाडत होता. झाडू थांबवून म्हणाला, "कुठला बोकड?"

"काळा," मी म्हणालो. "पांढऱ्या कानाचा."

शपथेवर सांगतो, त्या घटकेला तो बोकड माझा नाही असं मनातसुद्धा आलं नाही. लेक माझी, म्हणजे बोकडही माझाच, असं धरून मोकळा झालो. हलकं वाटलं. खाली येऊन भजी तळायला लागलो आणि विसरून गेलो.

निकाल लागला. लेक फर्स्ट क्लासात पास! मी रस्त्यावरच्या गाड्या थांबवून पेढे वाटले. एक जोडपं घाबरून गाडीतनं उतरेचना. आठ दिवसांनी गुरव चहाला आला. लेक कप विसळत होती. गुरवानं बशीत चहा ओतला आणि विचारलं, "मग, बोकड कवा आणतुयास?"

"कंचा बोकड?" लेकीनं विचारलं.

मी तापलेल्या कढईकडे बघत राहिलो. गुरवानंच सगळं सांगितलं. लेकीनं कप खाली ठेवला.

"आण्णा," ती म्हणाली, "बोकड कुणाचा हाय?"

मी उगाच कढईत झारा फिरवला. ती घरात गेली. बायको बाहेर आली आणि तिनं मला गुरवासमोर झोडपलं. "पोरीनं दोन वर्षं जपल्यालं जनावर, आन्‌ तुमी एका दमात दिऊन टाकलं? तंबाखू सोडतो म्हनून नवस बोलायला काय झालं हुतं?"

मी गुरवाकडे वळलो. म्हटलं, पाच नारळ आणि साडी-चोळी दिली तर? गुरव म्हणाला, "देवी काय तुज्या टपरीवरचं गिऱ्हाईक हाय व्हय, भाव करायला?" दुसरा बोकड आणू म्हटलं, तर म्हणाला, बोललास तोच द्यावा लागंल. तरीही मी वस्तीवरच्या म्हातारीकडे गेलो. काहीतरी तोड सुचवेल अशी आशा होती. ती म्हणाली, "त्यो माज्या वाट्याचा असता तर तुला ह्या काठीनं हाणला असता." आणि शेळ्या घेऊन निघून गेली.

लेक दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. मी चहा मागितला की चहा यायचा, पण शब्द यायचा नाही. कॉलेजाचे फॉर्म सुटले होते आणि तिनं ते अजून भरले नव्हते. तिसऱ्या दिवशी मीच तिच्यापुढं उभा राहिलो.

"ईक त्यो बोकड. घे तुझी स्कूटी. देवीचा कोप होईल तो माझ्यावर हुईल."

"न्हाई," ती म्हणाली. "बोललाय तर द्यायचा. पर तुमचा दिला पायजे. आदी माज्याकडनं इकत घ्या. आखाडाच्या भावानं."

मला हसू आलं. ती हसत नव्हती. "माझ्याकडं कुठायत गं पैसं?" मी म्हणालो, आणि म्हणता म्हणता माझे कान गरम झाले. चार वर्षं हिला बचतीचं पुराण ऐकवलं, आणि माझ्या गल्ल्यात उद्याच्या दुधापुरतीच चिल्लर!

"गाडी हाय की," ती म्हणाली.

माझी मोटारसायकल! जुनीच घेतलेली, पण रोज सकाळी पुसलेली. भोरातनं बेसन, बटाटे, तेलाचे डबे मी तिच्यावरच आणतो. तिला कुणी टेकलेलंसुद्धा मला खपत नाही. मी भडकलो. "गाडीचं नाव काढायचं न्हाई! माझ्या घामाची हाय ती!" असं ओरडून बाहेर गेलो आणि गाडीशेजारी दगडावर बसलो.

तासभर बसलो असेन. राग उतरेना. माझी वस्तू, मला न विचारता, हिनं मनातल्या मनात वाटून टाकली? ह्या विचारानं नुसता जळत होतो. आणि मग एकदम कळलं, की गुरव चहा पीत होता तेव्हा माझ्या लेकीला नेमकं हेच झालं असणार. ती तर ओरडलीही नव्हती. मला स्वतःची लाज वाटली. मी आत गेलो आणि किल्ली तिच्यापुढं ठेवली.

"नुसती किल्ली नगं," ती म्हणाली. "कागद बी नावावर करून द्या."

"अगं बये! गाडी बोकडापरीस म्हाग हाय. वरचं काय?"

तिनं त्याचाही विचार केलेला होता. "वरच्या बदल्यात टपरीचा माल म्या भोरातनं आनून दीन. रोज. तुमाला हेलपाटा न्हाई."

बायको पदर तोंडाला लावून हसत होती. मी गपगुमान मान डोलावली. पोस्टातलं पोस्टात राहिलं, शेळ्या जागेवर राहिल्या, स्कूटीऐवजी मोटारसायकल मिळाली. पोरीचं एका पैशाचंही नुकसान झालं नाही. झालं ते माझं, आणि ते व्हायलाच हवं होतं.

धरणाकाठच्या मोकळ्या जागेत तिनं गिअरची गाडी शिकायला घेतली. मी मागं बसून सांगत होतो, क्लच दाब, हळू सोड, डावीकडं बघ, उजवीकडं बघ. तिनं गाडी थांबवली आणि मला उतरवून दिलं. त्यानंतर ती अर्ध्या तासात शिकली, आणि पुढं गिअरच्या गाडीचं लायसनही काढलं. गाडी माझ्या नावावर होती तेव्हा मीही ती इतक्या शिस्तीनं कधी चालवली नव्हती.

आखाडात देवीला बोकड दिला. गुरवानं विचारलं, कुणाकडून? मी माझं नाव सांगितलं आणि छाती भरून आली. तोवर मी देवीला वाहिलेला प्रत्येक कोंबडा बायकोच्या खुराड्यातला होता. ह्या वेळी मात्र जे दिलं त्याची किंमत मी मोजली होती. गावजेवण झालं. लेकही पंगतीत बसली. मला वाटलं तिला घास जाणार नाही. तिनं दोन भाकरी खाल्ल्या आणि रस्सा परत मागितला. म्हातारीनं हाडं चोखत मला सांगितलं, मीठ कमी पडलंय.

कॉलेज सुरू झालं. पहिल्या प्रॅक्टिकलच्या दिवशी संध्याकाळी पाऊस होता आणि घाटातनं धुकं खाली उतरलं होतं. शेवटची एस.टी. टपरीपुढनं गेली. आत वस्तीवरची चार माणसं आणि कंडक्टर. मी भजी करपवली. बायकोही दारात येऊन उभी राहिली. मग वळणावर इंजिनाचा आवाज आला. तो आवाज मी हजार गाड्यांत ओळखीन.

लेक आली. रेनकोट निथळत होता, मागं बटाट्याचं पोतं नीट बांधलेलं होतं. बाकावर बसून तिनं चहा घेतला. तिच्या बोटांवर पिवळे डाग पडले होते. "ॲसिडचं हाय," ती हसून म्हणाली, आणि कुठल्या नळीत काय ओतलं की कसा रंग बदलतो ते सांगत सुटली. मला त्यातलं अक्षर कळलं नाही. मी नुसता तिच्या तोंडाकडे बघत होतो. तिला इतकं बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं.

ती थांबली तेव्हा मी घसा खाकरला. "तुझ्या धाकल्या शेळीला यंदा पाठ झालीया न्हवं? मला दे अर्धलीनं. म्या राखतो. टपरीमागं बांधतो, रोज चारायला नेतो."

तिनं कप खाली ठेवून माझ्याकडे नीट बघितलं. थट्टा करतोय का ते पाहत असावी.

"पैलं करडू माजं," ती म्हणाली.

"तुझं."

"दुसरं तुमचं. पर त्याच्यावर नवस बोलायचा न्हाई."

मी दोन्ही हातांनी कान धरले. ती खळखळून हसली आणि तिनं माझ्या हातावर तिचा ओला, पिवळ्या डागांचा हात ठेवला. पन्नाशी उलटल्यावर पहिल्यांदाच माझं म्हणून काहीतरी वाढणार होतं. मला इतका आनंद झाला, की त्या पाठीला काय चारायचं आणि कुठं बांधायचं हे मी लेकीलाच विचारलं.