काचेचं कापड

हल्ली काळा, कार्बनचा धागा मिळतो म्हणे. आमच्या नात्यातला एक इंजिनिअर मागे घरी आला होता. रिमोटवर पळणाऱ्या छोट्या गाडीचा सांगाडा त्याने त्या धाग्याचा घरीच केला होता, तो त्याने माझ्या हातात दिला. वजन असं नव्हतंच. "काकू, तुम्ही आणि काका असलंच काहीतरी करायचात ना?" त्याने विचारलं. मी हो म्हटलं आणि चहा ठेवायला उठले. पुढचं सांगायला त्या दिवशी अंगात त्राण नव्हतं.

महाराष्ट्र राज्य होऊन दहा-बारा वर्षं झाली असतील. मी खामगावच्या सरकारी दवाखान्यात सिस्टर होते. माझी ड्यूटी बहुतेक वेळा प्लास्टरच्या खोलीत असायची. हे सोनाळ्याकडच्या शेतकरी घरातले, पण शेती भावांवर सोडून बाजारात रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकून बसले होते. रेडिओ दुरुस्त करता करता त्यांच्या डोक्यात एक गाडी शिरली. हातातल्या डब्याचं बटण एकदा दाबलं की डावीकडे वळेल, दोनदा दाबलं की उजवीकडे. मध्ये तार काही नाही. टेबलावर चाकं अधांतरी धरली की सगळं झकास चालायचं. जमिनीवर ठेवली की गाडी जागची हलायची नाही, कारण सांगाडा पत्र्याचा होता आणि सेलमध्ये तेवढा जोर नव्हता. लाकडाचा करून पाहिला, तर तो स्क्रू पिळताना चिरला.

यांचा आतेभाऊ मुंबईला फायबरच्या कारखान्यात होता. त्याने काचेच्या कापडाची एक गुंडाळी, रेझिनचा डबा आणि ते घट्ट करणाऱ्या औषधाची बाटली पाठवली. कापड पांढरं, दिसायला मच्छरदाणीसारखं. त्यावर रेझिन लावायचं, वर दुसरा थर, मग तिसरा. वाळलं की पत्र्यासारखं कडक आणि पुठ्ठ्यासारखं हलकं.

यांचा पहिला तुकडा फोडांनी भरला होता. बोटाने दाबला तर थर सुटले.

"हे असं काऊन झालं?" ते मला विचारत होते की स्वतःला, कळलं नाही.

मी तुकडा उलटा करून पाहिला. नवा वॉर्डबॉय घाईघाईने प्लास्टर गुंडाळतो तेव्हा हेच होतं. "हवा कोंडली आत," मी म्हटलं. "मधून कडेला दाबत न्यायचं. आणि साचा प्लास्टरचा करा, लाकडाचा नको. मेण लावून."

एवढं बोलायला नको होतं. त्या दिवसापासून ते काम माझं झालं.

सातला ड्यूटी असायची. आमच्याकडच्या उन्हाळ्यात रेझिन दुपारी घेतलं तर मगातच धूर येऊन दगड व्हायचं, म्हणून पहाटे पाचला अंगणात बसायचं. हे औषधाचे थेंब मोजायचे, मी थर द्यायची. दिवसभर दवाखान्यात लोकांचे हातपाय गुंडाळायचे आणि पहाटे घरी गाडीचं पोट. काचेची कुसळं हातात शिरायची. ती दिसत नसत, पण पोळी लाटताना टोचत. वास तर भाताला लागायचा.

तरी सांगाडा झाला. एका रविवारी कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या मोकळ्या आवारात यांनी गाडी सोडली. ती कापसाच्या रिकाम्या बैलगाड्यांमधून वाट काढत गेली, डावीकडे वळली, उजवीकडे वळली आणि सेल संपल्यावर थांबली. हे धावत जाऊन तिला उचलून घेऊन आले. घरी येईपर्यंत ते पुढच्या गाडीबद्दल बोलत होते. मी हो-हो करत होते. मला झोप हवी होती.

त्याच पंधरवड्यात एक बाई दवाखान्यात आली. जिनिंगमध्ये कापसातला कचरा वेचायचं काम करायची. चाळिशीची असेल, आंगठ्याएवढं कुंकू, बोलणं तुटक. पडून मनगट मोडलं होतं. प्लास्टर लावता लावता मी विचारलं, कशी पडलीस?

"पाय अटकते," ती म्हणाली. "तापात खेड्यातल्या डॉक्टरानं कुल्ल्यात सुई देल्ली. तवापासून पंजा उचलत नाही."

सुई नसेत बसली असणार. मी तिला चालायला सांगितलं. गुडघा उंच उचलायची आणि पंजा फटकन जमिनीवर आपटायचा. लोखंडी सळ्यांचा बूट मिळाला होता तिला, पण तो घालून कापसाच्या ढिगात बसता येत नव्हतं. तो घरी खुंटीला होता.

यांना मी ते जेवताना सांगितलं, सहज. यांनी घास थांबवला. "पंजा फक्त वर धरून ठेवायचा आहे ना? मग पन्हळीसारखं एक करू. पोटरीमागून तळव्याखाली. आपल्या सांगाड्यासारखंच."

दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, करून पहा, पण लक्ष ठेवा.

पुढच्या रविवारी ती घरी आली. मी तिच्या पायावर प्लास्टर गुंडाळलं आणि पंजा काटकोनात धरून पंधरा मिनिटं ओणवी राहिले. ते कापून काढलं, त्यात प्लास्टर ओतून तिच्या पायाची प्रतिकृती केली, तिला मेण लावलं, वर काचेच्या कापडाचे सहा थर दिले. यांनी कडा करवतीने कापल्या. चांभाराने पट्टे लावून दिले. ती पन्हळ पायात अडकवून वर चप्पल घालून ती अंगणात चालली, तेव्हा पंजा आपटला नाही. ती भिंतीपर्यंत गेली आणि परत आली. पुन्हा गेली, पुन्हा आली.

दहा दिवसांनी ती दवाखान्यात आली ती पायाला फडकं बांधून. घोट्याखाली रुपयाएवढी जखम, कडा पांढऱ्या पडलेल्या. पन्हळीची कड तिथे घासत होती आणि तिला ते कळलंच नव्हतं, कारण त्या पायाला संवेदना कमी होती. हे मला माहीत असायला हवं होतं. मी सिस्टर होते. पायाला बधिरता आहे का, हे मी सुई टोचून पाहिलं नव्हतं, तिला रोज पाय तपासायला सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनी लक्ष ठेवायला सांगितलं होतं आणि माझं लक्ष पुढच्या पहाटेवर होतं.

डॉक्टर मला एकच वाक्य बोलले, "हे गाडीचं काम नाही." ते बरोबर होतं.

दीड महिना मी तिचं ड्रेसिंग केलं. ती रोज यायची, मी मान खाली घालून पट्टी बदलायची. जखम भरल्यावर मी म्हटलं, "आता ते नको. लोखंडी बूटच घाल."

"दुसरी करा," ती म्हणाली.

"तुला भीती नाही वाटत?"

"वाटते ना. पण मुकादम पाहते, बाई. पाय घसटत चाललं की म्हणते, उद्यापासून येऊ नको."

दुसऱ्या पन्हळीच्या कडा आम्ही बाहेर वळवल्या, आतून मऊ लोकरी नमद्याचं अस्तर लावलं. रोज संध्याकाळी आरशात घोटा पाहायचा, हे मी तिच्याकडून वदवून घेतलं. ती पन्हळ टिकली. पण काचेचं कापड वाकण्याच्या जागी तडकतं, आणि पाय तर पावलापावलाला वाकतो. सात-आठ महिन्यांत टाचेवर चीर. मग तिसरी. मग चौथी. यांची दुसरी गाडी अर्ध्यावर राहिली. टेपरेकॉर्डर आले आणि दुकानात यांना मान वर करायला फुरसत उरली नाही. रेझिन आता अकोल्याला बसच्या बॉडी बांधणाऱ्याकडून मागवावं लागे. थेंब मोजायलाही मीच. पंजा धरून ओणवं राहिलं की दोन दिवस कंबर धरायची. तिचा पाय दारात दिसला की मला नको वाटायचं, आणि नको वाटलं म्हणून स्वतःची लाज वाटायची.

पाचव्यांदा ती पोळ्याच्या दिवशी आली. सकाळची ड्यूटी करून मी नुकती घरी टेकले होते. तिने तडकलेली पन्हळ पदराखालून काढली.

"आज नाही," मी म्हटलं. "आज माझ्यानं होत नाही."

ती ओट्यावर बसली. रागावली नव्हती. पन्हळ मांडीवर ठेवून म्हणाली, "मीबी थकली बाई तुमच्याकडे येऊन येऊन. दर खेपेला तुमचं तोंड पाह्यलं की वाटते, कामून आली. मले शिकवून द्या."

"एकटीला कसं जमेल? पंजा कोण धरेल?"

"पाहू ना."

पुढच्या रविवारी मी खाटेवर बसून नुसतं सांगत गेले. तिने स्वतःच पोटरीपासून तळव्यापर्यंत प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळल्या. मग बसल्या बसल्या सरकत भिंतीपाशी गेली आणि तळवा भिंतीला टेकवला. पंजा आपोआप काटकोनात आला. ती भिंतीला पाय लावून निवांत बसून राहिली, मांडीवर हात ठेवून. दोन वर्षं मी ओणवी राहत होते आणि भिंत तिथेच होती.

साचा ओतून, मेण लावून झाल्यावर ती कापडाचे थर देऊ लागली. "हवा काढ," मी म्हटलं. "मधून कडेला."

"काढून राह्यली."

तिने थर सहाऐवजी नऊ दिले, मी नको म्हणत असताना. टाचेपाशी आणखी दोन. पन्हळ जाड झाली, एका बाजूला किंचित फुगीर. आम्ही केलेल्यांच्या मानाने ओबडधोबडच.

"जड झाली ही," मी म्हटलं.

"असू द्या. माया हातची हाय. मले उचलते."

पन्हळ वाळल्यावर जुनीचे पट्टे तिला लावून, ते आवळून ती निघाली. मी फाटकापर्यंत जायला हवं होतं, पण उठवलं नाही. खाटेवरूनच तिची पावलं ऐकत राहिले, आणि ती गल्लीच्या टोकाला पोचायच्या आत मला झोप लागली.