थांबा म्हणायला शिकले

कुणाच्या हाती ही पानं लागलीच तर माझ्या चुका पोटात घाला. शाळा चौथीपर्यंतच झाली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही. अक्षर वाकडं येतं ते मात्र हातामुळे. उजव्या हाताची शेवटची दोन बोटं उघडत नाहीत.

दुष्काळात रेणापूरच्या बाजूला रस्त्याचं काम निघालं होतं. खडी फोडताना दगड हातावर आला. प्लास्टर निघालं तेव्हा हात लाकूड झालेला. कामावरची हजेरी बंद झाली. भाकरी थापता येईना. सासू म्हणायची, "थापायला हात न्हाई, खायाला बरा चालतोय." नवरा दुसरी करायचं बोलायला लागला. हात चालला तरच त्या घरात माझी जागा होती.

लातूर जिल्हा नवीनच झाला होता. तिथल्या एका दवाखान्यात हाताचे व्यायाम करून घेणाऱ्या बाई आल्या होत्या, वयाने माझ्याएवढ्याच. त्या एकेक बोट वाकवायच्या आणि विचारायच्या, "दुखतंय का?" मी म्हणायची, "न्हाई जी." डॉक्टरपुढं कण्हायचं नाही, हे आम्हाला लहानपणापासूनचं. त्यांना वाटलं, सोसतंय. त्यांनी जोर वाढवला. रात्रीतून हात सुजला, करंगळी काळीनिळी पडली.

पुढच्या खेपेला त्यांनी माझा हात अलगद आपल्या हातावर घेतला.

"ताई, त्या दिवशी जीव जात होता ना?"

"व्हय."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमी एवढं करायलाव. तुमाला वाईट वाटंल म्हनून."

"चूक माझी झाली. तुमच्या तोंडाकडं बघायला हवं होतं. आता हात तुमचा, तुम्हीच थांबा म्हणायचं. मी तिथंच थांबेन."

"माज्यासारखीनं तुमाला थांबा म्हनायचं?"

"म्हणून तर बघा."

तरी मी दात आवळून सोसतच राहिले. शेवटी एकदा कळ मस्तकात गेली आणि मी ओरडलेच, "थांबा!" रांगेतल्या बाया दारातून डोकावल्या. बाईंनी हात लगेच सोडला. माझ्या बोलण्याने कुणी थांबलं, असं कधी झालं नव्हतं.

मग मी धीर करून विचारलं, सगळी बोटं येतील का.

"तीन येतील. दोन नाही येणार. खोटी आशा देत नाही तुम्हाला."

मला रडू आलं. त्या शेजारी बसून राहिल्या, डोळे पुसा म्हणाल्या नाहीत.

घरी तो शब्द चालला नाही. नवऱ्याने हात उगारला तेव्हा मी थांबा म्हटलं, तर त्याने आणखी दोन दिल्या आणि एसटीचं भाडंही बंद केलं. कशीबशी दवाखान्यात जाऊन हे सांगितलं तेव्हा बाई म्हणाल्या, "भाडं मी देते."

"उसनं द्या. फुकट न्हाई घेनार."

"बरं, उसनं."

उन्हाळ्यातच नवऱ्याने दुसरी आणली. मी आईकडे आले. पाऊस झाल्यावर तीन बोटांत खुरपं धरून खुरपायला जाऊ लागले. मुठीत खुरपं फिरायचं, हाताला फोड यायचे, मजुरी इतर बायांपेक्षा कमी मिळायची. त्यातून थोडे थोडे पैसे बाजूला टाकले आणि सुगी सरल्यावर लातूरला गेले.

मी भाड्याचे उसने पैसे पुढं केले. बाई राहू द्या म्हणाल्या नाहीत. त्यांनी माझ्यासमोर मोजले, पर्समध्ये ठेवले आणि म्हणाल्या, "सगळे फिटले, ताई."