तबकडीतला खोकला

साठ सालच्या सुमारास दर रविवारी सकाळी मी अमरावतीहून अकोल्याला मित्राकडे जायचो. त्याच्याकडे चार जर्मन ऑपेरांच्या मालिकेच्या तबकड्या होत्या, भरल्या नाट्यगृहात प्रयोग चालू असताना मुद्रित केलेल्या. गाणाऱ्यांची पावलंसुद्धा ऐकू यायची. एका शांत जागी प्रेक्षकांत कोणीतरी खोकायचं.

"हा माया सोताचा खोकला आहे. मी होतो ना तिथं, जर्मनीत," मित्र सांगायचा. आपल्या वऱ्हाडातला माणूस त्या गाण्यात! माझ्या अंगावर काटा यायचा.

एकदा चहा ठेवताना त्याची बायको हसली. "कुठची जर्मनी, भाऊजी? हे तं मुंबईच्या पुढं कदी गेलेच नाई."

मित्रानं माझ्याकडे न बघता तबकडी उलटली.

गाणारे सगळे खरे होते. आणि मी गाढव, तीन वर्षं अमरावतीजवळच्या बडनेरा स्टेशनावरून गाडी धरत होतो ती त्या एका खोकल्यासाठी.