वरचं तेल

काकू आमच्या घरी आल्या की आधी गॅसवरच्या गंजाचं झाकण उचलायच्या. वाफ तोंडावर घेत आत पाहायच्या आणि विचारायच्या, "बाई, तेल किती टाकलं?" घरात पाहुणे बसलेले असोत की मी केस विंचरत असो, त्यांना काही फरक पडत नसे. मला राग यायचा. आपल्या स्वयंपाकाची अशी झडती कोणाला आवडेल, तुम्हीच सांगा.

सावंगीला काकूंचं आणि आमचं घर भिंतीला भिंत लागून. काकांना हृदयाचा झटका येऊन गेला, तेव्हापासून काकूंचा जीव थाऱ्यावर नव्हता. तेल आणि मीठ कमी करा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. काकूंनी तेवढंच धरून ठेवलं. मी एकदा ओट्सचं पाकीट सुचवलं, तर म्हणाल्या, समुद्रपूरहून भाऊ ज्वारी पाठवतो, ती काय ढोराले घालू? भाकर, मुगाची डाळ, अंगणातला पालक, परसातल्या शेवग्याच्या शेंगा, यातच त्या आठवडा काढायच्या. काका जेवायला बसले की समोर उभ्या राहायच्या. ढेकर जरा मोठा आला तरी छातीत दुखते का, असं विचारायच्या. काका बिचारे ढेकरही जपून द्यायला लागले.

तरी तपासणीत काही सुधरेना. का, ते मी त्यांच्याकडे जेवायला बसले तेव्हा कळलं. भाजीत तेल नावाला होतं. पण काकूंनी काकांच्या भाकरीवर जवसाची चटणी वाढली, तिच्यात खळगा केला आणि वाटीतलं कच्चं तेल भरभरून ओतलं. आमच्या भागात झुणक्यावर, चटणीवर असं तेल घेतल्याशिवाय घास उतरत नाही. काकू, हे काय, मी विचारलं.

"हे तं वरचं तेल आहे बाई. कढईत कुठं पडलं?"

मला हसूच आलं. कच्चं काय नि तळलेलं काय, पोटात गेलं की तेल ते तेलच, असं मी समजावलं. काकू मटकन खाली बसल्या.

"म्हणजे मीच यायले मारून राह्यली होती का?"

काकांनी उठून त्यांना पाणी दिलं. त्या दिवसापासून वरचं तेल बंद झालं आणि काकूंची झोपही. काकांचा श्वास चालू आहे ना, हे पाहायला त्या उठून बसायच्या.

उन्हाळ्यात घातलेलं आंब्याचं लोणचं मात्र घरात होतं. मोठी बरणी, वर तेलाचा जाड थर. काकांना ते चालणार नव्हतं आणि अन्न फेकणं काकूंच्या हातून व्हायचं नाही. एका दुपारी मी अचानक गेले, तर काका झोपलेले आणि काकू ओट्याशी उभ्या राहून भातात लोणचं कालवून खात होत्या. बीपीची गोळी त्यांनाही चालू होती. मी बोलले, चांगली रागावले.

"मले काय धाड भरली? हे संपलं का यायले मोह नाई होत," त्या म्हणाल्या आणि ताट पदराआड केलं.

बरणी तळाला आली होती तेव्हा काकू त्या ओट्याशीच कोसळल्या. मेंदूत रक्तस्राव. दवाखान्यातून त्या परत आल्याच नाहीत. लोणच्यानंच झालं असं कोणी म्हणालं नाही, पण माझ्या मनातून ते जात नाही. सगळ्यांच्या गंजात डोकावणारी ही बाई आपलं ताट कोणाला दिसू देत नव्हती. मला अजून त्यांचा राग येतो, आणि झाकणावर हात गेला की रडूही येतं.

परवा संध्याकाळी काका दारात उभे होते. हातात गंज. आयुष्यात कधी चहा न केलेला माणूस आता डाळ शिजवतो. त्यांनी स्वतःच झाकण उचललं.

"बाई, पाहा बरं, तेल जास्त तं नाई झालं?"

डाळीवर तेलाचा टिपूसही नव्हता. चमचाभर खाऊन पाहिली. मीठसुद्धा नव्हतं.

"बरोबर झाली, काका," मी म्हटलं. "काकू करायच्या तशीच."

त्यांनी झाकण ठेवलं आणि जेवायला गेले.