आधी गेलेल्यांचे आवाज

पंकजाक्षीचं तोंड असं, की विडीच्या कारखान्यात मुकादमसुद्धा तिच्या वाटेला जात नसे. कण्णूरजवळच्या त्या गावातला कारखाना बंद पडून जमाना झाला, तोंड मात्र बंद पडलं नाही. आता ती गावच्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत जुन्या कॉम्प्युटरपुढे बसते आणि काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत कमांड देते. माऊसला हात लावत नाही. "चित्रांना टिचक्या मारत बसायला मी काय अंगणवाडीत आहे?" म्हणते. "मला काय हवंय ते मी शब्दांत सांगते, मशीनला काय खुपतंय ते त्यानंही शब्दांत सांगावं."

ही खोड कारखान्यातली. तिथे बाकीच्या बायका विड्या वळायच्या आणि एकजणी वर्तमानपत्र मोठ्याने वाचायची. वाचणारीच्या वाट्याच्या विड्याही बाकीच्याच वळायच्या. बायकांच्या शेडमध्ये वाचायची कार्त्यायनी, आणि तिचा आवाज ऐकून रस्त्यावरची माणसं थबकायची. बातमी मोठ्याने वाचली, ऐकणाऱ्यांनी 'हं' म्हटलं, की मग पुढची. पंकजाक्षीने कॉम्प्युटरलाही तोच नियम लावला. डिस्कवर काही कायमचं बदलणारी कमांड असेल, तर आधी मोठ्याने वाचायची, कुणीतरी 'हं' म्हणायचं, मगच एंटर. हसणाऱ्यांनी खुशाल हसावं.

मशीन सुरू व्हायचं ते एका छोट्या चिपवरून; त्याच्या जुन्या हार्ड डिस्कवर विडीवाल्या सगळ्याजणींचे आवाज होते. पंकजाक्षीने एकेकीला समोर बसवून तिची हकिकत रेकॉर्ड केली होती. त्यानंतर कार्त्यायनी गेली, पाठोपाठ आणखीही कितीतरी गेल्या. दुसरी प्रत कुठेच नव्हती. डिस्क हल्ली करकरायला लागली, तेव्हा पंकजाक्षीने वाचनालयाच्या समितीशी भांडभांड भांडून तेवढीच मोठी एक जादा डिस्क पदरात पाडून घेतली.

रविवारी दुपारी तिने ती जोडली. शेजारी चीरू एच्ची, म्हणजे चीरूताई, बसली होती, तीही जुनी विडीवाली. वय ऐंशीच्या पुढे, तोंडात दात नाही, पण कान शाबूत, आणि केळ्याची भजी चघळायची हौस तशीच. स्पीकरवर कार्त्यायनी संपाची गोष्ट सांगत होती. काम तसं सोपं होतं. नव्या डिस्कवर कंपनीने आखून दिलेली पार्टिशनं, म्हणजे कप्प्यांच्या भिंती, काढायची, आपलं एक मोठं आखायचं आणि त्यात आवाज उतरवून घ्यायचे.

"डिस्कचं नाव एसडीबी, माप एक टेराबाइट," पंकजाक्षीने खणखणीत वाचलं. "जुनी पार्टिशनं काढते, नवं आखते, आणि आता कायमचं लिहिते."

"हं," चीरू एच्ची म्हणाली.

एंटर मारला. मशीनने उत्तर दिलं, लिहिलं, पण डिस्क वापरात आहे, नवी आखणी आत्ता घेता येत नाही.

कोरी डिस्क वापरात कशी असेल? पंकजाक्षीने डिस्कची यादी पडद्यावर मागवली. मशीन सुरू होताना नवी डिस्क आधी सापडली, तिने एसडीए हे नाव बळकावलं, आणि रोजची जुनी झाली एसडीबी. दोन्ही एकाच मापाच्या. मोठ्याने वाचण्याच्या ऐटीत नीट बघायचंच राहिलं.

"चीरू एच्ची, अगं, मी आपल्याच घराच्या भिंती पाडल्या!"

"मग ही कशी बोलतेय?" चीरू एच्चीने स्पीकरकडे भजी रोखली.

खरंच की! कार्त्यायनी बोलतच होती. पंकजाक्षीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गावाचा नकाशा फाडला म्हणून शेतं कुठे पळून जात नाहीत. डिस्कवरचा नकाशा गेला होता, पण चालू मशीनच्या डोक्यात तो अजून होता. मशीन बंद झालं की तेही विसरणार. तिने या वेळी डिस्कच्या आत डोकावून खात्री केली, दोनदा वाचलं, चीरू एच्चीकडून दोनदा 'हं' घेतलं, नवी डिस्क आखली आणि आवाज उतरवायला घेतले.

मशीन नावांच्या अक्षरक्रमाने निघालं. तिने ते थांबवलं. "आधी गेलेल्या," ती म्हणाली. "जिवंत आहेत त्या पुन्हा बोलतील. गेलेल्यांना कुठून बोलावून आणू?"

तेवढ्यात समितीचे सेक्रेटरी सदानंदन माश आले. निवृत्त मास्तर, कमरेला इस्त्रीचं पांढरं मुंडू नेसलेले, मागे शिडी घेतलेला वायरमन प्रजीश.

"पंकजाक्षी, उद्या वार्षिकोत्सव आहे, पंखे लावायचेत. मेन बंद करतोय."

"करायचा नाही."

"दहा मिनिटांचं काम आहे गं."

"दहा सेकंदसुद्धा नाही. आवाज उतरतायत. चूक माझ्या हातून झालीय, ती मला निस्तरू द्या."

"चूक झाली ना? मग बंद करून परत चालू कर. सगळं जग तेच करतं."

"सगळ्या जगाला करू दे. मी नाही करणार." तिने खुर्ची उचलली, स्विचबोर्डाखाली आदळली आणि पाठ भिंतीला लावून बसली. "या, मला उठवा बघू!"

"ही डिस्क समितीची मालमत्ता आहे."

"डिस्क समितीची. आवाज आमचे."

प्रजीशने शिडी भिंतीला टेकवली. "माश, मी थांबतो की. मला काही घाई नाही."

पण माशना चारचौघांत बाईचं ऐकायची सवय नव्हती. ते तावातावाने बाहेर गेले आणि मीटरशेजारचा फ्यूज त्यांनी स्वतःच्या हाताने उपटला. कार्त्यायनी शब्दाच्या मध्यावर थांबली. यूपीएसची बॅटरी केव्हाच मेलेली, नवीसाठी केलेले अर्ज समितीच्या कपाटात पडून होते.

गेलेल्या सगळ्या नव्या डिस्कवर पोचल्या होत्या. जिवंत एकही नाही.

पंकजाक्षीने नवी डिस्क काढून पिशवीत घातली. अजून सगळं संपलं नव्हतं, जुन्या डिस्कवरच्या खुणा शोधून भिंती जागच्या जागी उभारता आल्या असत्या. डोकं थंड करायला ती विहिरीवर पाणी प्यायला गेली. तेवढ्यात पंखे फिरले, वीज आली, आणि काही बिघडलं नाही हे दाखवायला माशनी मशीन सुरू केलं. ती परत आली तेव्हा ते खुशीत होते.

"बघ, चालू झालं. काहीतरी विचारत होतं, डिस्क रिकामी आहे, फॉरमॅट करू का वगैरे. मी हो म्हटलं."

"वाचलं होतंत?"

"कोण वाचत बसतंय सगळं?"

पंकजाक्षी सगळ्यांसमोर रडली. रागाने रडली, आणि रडत रडत माशना जे काही बोलली ते प्रजीश अजून चहाच्या टपरीवर सांगतो. पुढे कितीतरी दिवस ती त्या जुन्या डिस्कशी झटत बसली. निघाले ते नुसते तुकडे, कुणाचं हसू, कुणाचा खोकला, कुणाचं अर्धं वाक्य.

मग तिने जिवंत होत्या त्यांना पुन्हा बोलावलं. पहिली चीरू एच्ची. माशही आले, पश्चात्ताप म्हणा की पाळत म्हणा, पहिल्या रेकॉर्डिंगच्या वेळेसारखेच शेजारी खुर्ची घेऊन बसले. पंकजाक्षीने विचारलं, "कार्त्यायनीच्या हातात पेपर पहिल्यांदा कुणी दिला?"

चीरू एच्चीने माशकडे पाहिलं. "मागच्या वेळी हा बसला होता म्हणून मी गोड बोलले. म्हणाले, आमच्या पुढाऱ्यांनी दिला, बायकांना उत्तेजन दिलं. कसलं डोंबलाचं उत्तेजन! अरे सदा, तुझा बाप पुढारी होता ना? त्याने तो पेपर तिच्या हातातून हिसकावला. म्हणाला, बायका वाचायला लागल्या तर विड्या कोण वळणार? तिने परत ओढून घेतला. अर्धा त्याच्या हातात राहिला, उरलेला अर्धा तिने वाचला. आम्ही सगळ्या ऐकत होतो, आणि तो दारात उभा राहून शिव्या घालत होता."

माशचा चेहरा उतरला. "पंकजाक्षी, हे बंद कर. आधीच्या रेकॉर्डिंगमध्ये असं काही नव्हतं."

"ते तुम्हीच पुसलंत, माश," पंकजाक्षी म्हणाली. "तू बोल गं, चीरू एच्ची."