पात्रांच्या पत्रिका

कुडवा गावातले माझे एक शेजारी दिवाळीनंतर गावोगावी भरणाऱ्या मंडईच्या जत्रेसाठी नाटकं लिहितात. संवादाआधी प्रत्येक पात्राची पत्रिका मांडतात. "हा ऐकूनच नाही राहिला जी, मंगळ कडक आहे त्याचा," असं पुटपुटत पेन चावतात. माझा ज्योतिषावर काडीचाही विश्वास नाही. त्यांच्या पात्रांवर मात्र आहे.

यंदा नाटक कंपनीचा मालक अडून बसला, "शेवटी आई मेली पाहिजे. पब्लिकला रडायचं असते. नाही तं नाटक दुसऱ्याकडून घेतो."

"तिच्या पत्रिकेत मरन नाही," एवढंच ते बोलले. मालक तणतणत निघून गेला.

मी विचारलं, "खरंच नव्हतं?"

"होतं न जी. पन लिवाले बसलो तं हातच नाही चालला. मंग पत्रिकाच चुकली असन."